चेरापुंजीला जावे तरी कधी?

चेरापुंजीचे नाव ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ या प्रश्नाखाली ते हमखास यायचे आणि तेवढा एक गुण सगळ्यांना मिळायचा. ते गाव डोळ्यांनी पाहण्याचा योग मात्र फार थोड्यांना येतो. ह्यांची बदली गुवाहाटीला झाली आणि आम्ही तीन वर्षे तिथे राहिलो, तेव्हा पुण्या-नाशिकहून, लातूरहून, इंदूरहून पाहुण्यांचा राबता सुरू झाला. कामाख्येचे दर्शन, काझीरंगाचे गेंडे आणि चेरापुंजी ही प्रत्येकाची यादी ठरलेली. फोनवरचा पहिला प्रश्नही ठरलेला, “वहिनी, चेरापुंजीला कधी आलेलं बरं?”

सुरुवातीला मी सगळ्यांना एकच उत्तर देत असे. पण तीन वर्षांत वेगवेगळ्या ऋतूंत पाच-सहा वेळा जाणे झाले आणि लक्षात आले की या प्रश्नाला उलट प्रश्न विचारावा लागतो : तुम्हाला तिथे काय पाहायचे आहे? पाऊस, धबधबे की डावकीचे काचेसारखे पाणी? कारण ही तिन्ही एकाच फेरीत मिळणे जवळजवळ अशक्य. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकावर तिन्ही चित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात, पण ती वर्षाच्या तीन वेगवेगळ्या महिन्यांत काढलेली असतात, हे कोणी सांगत नाही.

आधी पावसाचा हिशेब समजून घेऊ. पुण्यात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास, आपल्या आंबोलीला सात हजारांच्या घरात. चेरापुंजीची वर्षाची सरासरी आहे सुमारे साडेअकरा हजार मिलिमीटर. हे सगळे पाणी एका जागी साचून राहिले, तर जवळजवळ चार मजली इमारत बुडेल. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तर तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला. बारा महिन्यांतल्या पावसाचा तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत काय हाहाकार उडाला ते आपल्याला आठवते. चेरापुंजीला १६ जून १९९५ रोजी एका दिवसात १,५६३ मिलिमीटर, आणि अलीकडे १७ जून २०२२ रोजी ९७२ मिलिमीटर पाऊस पडला. आता ‘जगात पहिला’ हा मान मात्र शेजारच्या मॉसिनरामकडे आहे. दोन्ही गावांच्या सरासरीत फरक अगदी थोडा आणि त्यावरून तिथल्या लोकांत गमतीची चुरसही चालते.

एवढा पाऊस इथेच का? गावाच्या दक्षिण टोकाला जाऊन उभे राहिले की उत्तर समोरच दिसते. खासी टेकड्या इथे भिंतीसारख्या तुटतात आणि खाली एकदम बांगलादेशचे सपाट मैदान सुरू होते. बंगालच्या उपसागरावरून आलेले ओले वारे चारशे किलोमीटर मैदानावरून विनाअडथळा येतात आणि या भिंतीवर आपटतात. वर दऱ्यांचे आकारही नरसाळ्यासारखे. ढग त्यात शिरले की वर चढण्यावाचून त्यांना वाट नाही आणि तेराशे मीटरची उंची चढताना ते रिते होतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जे घडते तेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

गावाचे खरे नाव सोहरा. इंग्रजांच्या जिभेला ते वळले नाही, त्याचे ‘चेरा’ झाले आणि ‘पुंजी’ म्हणजे वस्ती हा शब्द पुढे जोडला गेला. आता पुन्हा सोहरा हेच नाव अधिकृत आहे. रस्त्यावरच्या पाट्यांवर, गाड्यांच्या काचांवर तेच दिसते, म्हणून शिलाँगच्या बडा बाजारात ‘चेरापुंजीची गाडी’ शोधत बसू नये, ‘सोहरा’ विचारावे.

ज्यांना पाऊस, आणि पाऊसच, पाहायचा आहे त्यांच्यासाठी जून आणि जुलै. या दोन महिन्यांतच वर्षाचा निम्मा पाऊस पडून जातो. जुलैत एकट्याने तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. आम्ही दोघेच एकदा जुलैच्या मध्याला तीन रात्री जाऊन राहिलो. शिलाँग सोडून मॉकडॉकचा पूल ओलांडेपर्यंत सगळे ठीक होते. पुढच्या वळणावर धुके गाडीच्या काचेला येऊन चिकटले ते गावापर्यंत सुटलेच नाही. चालक शांतपणे दिवे लावून, अंदाजाने वळणे घेत होता. मी डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हणत होते.

तिथल्या पावसाची एक खोड मला कोणत्याही पुस्तकाने सांगितली नव्हती, ती अनुभवातून कळली. पाऊस मुख्यतः रात्री आणि पहाटे पडतो. रात्री नऊनंतर पत्र्यावर जो ताशा सुरू होतो, त्यात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मॉसिनरामकडचे लोक म्हणूनच पत्र्यावर गवताचा थर घालतात, आवाज कमी व्हावा म्हणून. पहाटे तीनच्या सुमारास वाटते की आता छप्पर खाली येणार. आणि सकाळी दहा-अकराला पाहावे तर पाऊस थांबलेला, मुले गणवेशात शाळेला निघालेली, दगडी कुंपणांवर कपडे पसरलेले. ही उघडीप रोज मिळेलच असे नाही. सलग तीन-चार दिवस झड लागल्याचीही उदाहरणे आहेत. पण ‘जुलैत गेलो तर चोवीस तास खोलीत कोंडून राहावे लागेल’ ही आपली समजूत खरी नाही.

खरा शत्रू पाऊस नव्हे, धुके. नोहकालिकाई हा तिथला सर्वांत मोठा धबधबा, सुमारे ३४० मीटर उंचीवरून एका झेपेत खाली कोसळणारा. आम्ही पोचलो तेव्हा कठड्यापलीकडे पांढऱ्या पडद्याशिवाय काही नव्हते. आत कुठेतरी आगगाडी जात असल्यासारखा आवाज मात्र अखंड येत होता. दालचिनी आणि तमालपत्राच्या जुड्या विकणारी एक बाई शेजारी बसली होती. खासी लोक प्रौढ स्त्रीला आदराने ‘काँग’ म्हणतात, आपल्या ‘ताई’सारखे. मी म्हटले, “काँग, आज दिसेल का?” ती मोडक्या हिंदीत म्हणाली, “बैठो. हवा आएगा तो दिखेगा.” आम्ही दीड तास बसलो. मग खालून वारा आला, पडदा डावीकडून फाटत गेला आणि समोर सगळा डोंगर पाण्याचा दिसला. जेमतेम चार मिनिटे. पुन्हा धुके. तेवढ्यात फोनवर काढलेला फोटो हललेला आहे, पण ते दृश्य आम्ही दोघांनी पाहिले ते पाहिलेच. ज्यांच्याकडे दीड तास बसून राहण्याचा धीर नाही, किंवा ज्यांचा कार्यक्रम ‘सकाळी निघून संध्याकाळी परत’ असा आहे, त्यांनी जुलैच्या नादी लागू नये.

या धबधब्याची कथा काळीज पिळवटणारी आहे. का लिकाई नावाच्या विधवेने दुसरे लग्न केले. नव्या नवऱ्याला तिच्या लहान मुलीवरच्या मायेचा मत्सर वाटला आणि तिच्या गैरहजेरीत त्याने त्या पोरीचा जीव घेतला. ते भयंकर सत्य कळल्यावर लिकाईने या कड्यावरून उडी घेतली, म्हणून ‘नोहकालिकाई’, लिकाईची उडी. ज्या समाजात मुलांना आईचे कूळ मिळते आणि घर धाकट्या मुलीकडे जाते, त्या समाजाने आपला सर्वांत मोठा धबधबा एका आईच्या नावाने ओळखावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटले.

पावसाळ्यातले दुसरे आकर्षण म्हणजे तिथल्या माणसांचे काम. आपल्याकडे जोराचा पाऊस आला की सगळे थांबते. तिथे थांबून चालणार नाही, कारण मग चार महिने थांबावे लागेल. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे, डोक्यापासून मांड्यांपर्यंत पाठ झाकणारे ‘क्नूप’ घालून बायका-पुरुष शेतात वाकलेले असतात. आपल्या कोकणातल्या इरल्याचा हा सख्खा भाऊ. दोन्ही हात मोकळे राहतात आणि वाऱ्याने उलटत नाही. छत्री घेऊन फिरणारे तिथे आम्हीच होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या छत्रीच्या काड्या मोजण्याचेच काम उरले.

एक गंमतीची, पण उपयोगाची गोष्ट. आपल्याकडे श्रावणात पाऊस दडी मारतो, शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा मोसमी पावसाचा पट्टा बहुधा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकलेला असतो आणि सोहऱ्याला त्याच वेळी धो धो पाऊस चालू असतो. तेव्हा ‘इथे आठ दिवस कोरडे आहेत, तिकडेही उघडले असेल’ असा अंदाज बांधून तिकिटे काढू नयेत. हवामान खात्याचा मेघालयाचा अंदाज पाहावा. रस्त्यावर दरडी कोसळण्याचे दिवसही हेच. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री सोहऱ्याला मुक्काम ठेवू नये. शिलाँग किंवा गुवाहाटी गाठावी.

आता दुसरे टोक. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. प्रवासी मासिके हाच हंगाम सुचवतात आणि कारणेही खोटी नाहीत. आभाळ निळे, थंडी आपल्या महाबळेश्वरसारखी सोसवणारी, रस्ते कोरडे. डिसेंबर-जानेवारी या दोन महिन्यांत मिळून पाऊस ४०-५० मिलिमीटरच्या आत. डावकीची उमंगोट नदी याच दिवसांत इतकी नितळ होते की होडी हवेत तरंगते आहे असे वाटते. पावसाळ्यात तीच नदी गढूळ पाण्याने दुथडी भरून धावते, म्हणून डावकीसाठी जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. काझीरंगाही पावसाळ्यात बंद असते, तेव्हा गेंडे यादीत असतील तर हाच काळ.

पण ज्यांनी मनात चेरापुंजीचे ‘ते’ चित्र ठेवलेले असते, त्यांची जानेवारीत मोठी निराशा होते. नोहकालिकाईची एक बारीक दोरी उरते, खाली निळ्या-हिरव्या डोहात पडणारी. सुंदर दिसते, नाही असे नाही. सात धारांचा नोहस्न्गिथियांग, ज्याला लोक ‘सेव्हन सिस्टर्स’ म्हणतात, तो केवळ पावसाच्या पाण्यावर चालतो. हिवाळ्यात तिथे सात काळ्या रेषा दिसतात, त्या पाण्याने वर्षानुवर्षे कातळावर ओढलेल्या. आमच्याबरोबर आलेल्या एका काकांनी त्या रेषांकडे बोट दाखवून चालकाला विचारले, “धबधबा कुठं आहे?” चालक म्हणाला, “सर, जून में.”

मात्र हिवाळ्यातली खरी गोष्ट धबधब्याची नाही. माझी आतेसासू, आम्ही सगळे त्यांना आत्याच म्हणतो, लातूरच्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा त्यांनी नळाकडे डोळे लावून काढलेला. फेब्रुवारीत त्या आमच्याकडे आल्या आणि ‘एवढा पाऊस पडतो ते गाव मला दाखवच’ म्हणून हट्ट धरून बसल्या. सोहऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक झरा होता. करंगळीएवढी धार. तिथे प्लॅस्टिकच्या डब्यांची रांग आणि शेजारी गप्पा मारत बसलेल्या बायका. थोड्या पुढे एक मुलगी कपाळाला पट्टा लावून, पाठीवरच्या निमुळत्या बांबूच्या टोपलीत, ‘खोह’मध्ये, पाण्याचे डबे घेऊन चढ चढत होती. आत्यांनी गाडी थांबवायला लावली. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्यासारखंच झालं की! मग एवढा पाऊस जातो कुठं?”

जातो खाली. सोहऱ्याचा उतार इतका तीव्र आहे आणि वरचा मातीचा थर इतका पातळ, की पाणी थांबतच नाही. शेकडो वर्षांच्या पावसाने माती धुऊन नेली आहे, खाली वालुकाश्म आणि भेगांचा चुनखडक. जंगल तुटले, चुनखडी आणि कोळशाच्या खाणी झाल्या, आणि पाणी धरून ठेवणारी मुळे कमी झाली. जूनमध्ये पडलेला पाऊस काही तासांत बांगलादेशात सिल्हेटच्या मैदानात पोचतो आणि तिथे पूर येतो. २०२२ च्या जूनमध्ये असाच मोठा पूर आला होता. हिवाळ्यात मात्र वरच्या गावाला टँकरची आणि झऱ्याची वाट पाहावी लागते. वर अलीकडच्या काळात पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. हवामान खात्याने १९८९ ते २०१८ या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मोसमी पाऊस लक्षणीय घटलेल्या राज्यांत मेघालयही होते.

त्या रात्री उतरलो त्या ठिकाणी न्हाणीघरात दोन भरलेल्या बादल्या होत्या आणि ‘पाणी जपून वापरा’ अशी विनंती. बरोबरच्या दुसऱ्या एका कुटुंबाने तिसऱ्या, चौथ्या बादलीसाठी बराच आरडाओरडा केला. आत्यांनी एका बादलीत अंघोळ आटोपली, उरलेल्या पाण्यात रुमाल धुतला आणि दुसरी बादली झाकून परत पाठवली. मला त्यांनी सांगितले, “पाहुण्यांनी कधी जावं हे यजमानाच्या घरच्या पाण्यावरनं ठरवावं गं.”

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सोहऱ्याला मुक्कामाला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे; निदान पंचवीस-तीस जणांची सहल तरी नेऊ नये. हिवाळाच सोयीचा असेल तर नोव्हेंबर किंवा फार तर डिसेंबरचा पूर्वार्ध गाठावा, झऱ्यांना तेव्हा अजून पाणी असते. आणि जानेवारीनंतर जाणे भागच असेल तर शिलाँगला राहून दिवसभरात जाऊन यावे.

या दिवसांतल्या फेरीत एक जागा मात्र चुकवू नये. शिलाँगहून पंचवीसेक किलोमीटरवर मॉफलांगची देवराई आहे. देवराई म्हटल्यावर आपल्याला वेगळे काही समजावून सांगायला नको. तिथला नियमही तोच : आतले पान, फूल, काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. आत शिरल्यावर पायाखाली शेवाळ, खांद्यापर्यंत नेचे आणि भर हिवाळ्यातही ओलावा. बाहेर पाहिले तर उघडी, पिवळी माळराने. आत्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे मिळते.

मे महिन्याबद्दल लिहिले नाही तर आई-वडील रागावतील, कारण शाळांना सुटी तेव्हाच. माझी नणंद दोन मुलांना घेऊन मे महिन्यातच आली. मेघालयात पावसाळा कॅलेंडर पाहून येत नाही. मार्चअखेरीस वादळी पाऊस सुरू होतो आणि एकट्या मे महिन्यात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या वर्षापेक्षा जास्त. पण हा पाऊस ढोल-ताशे वाजवत येतो आणि जातो. विजा, गारा, तासाभराचा धुमाकूळ, मग लख्ख ऊन. चार दिवस हाताशी असतील तर दोन फुकट जातील असे धरून चालावे. धबधबे भरू लागलेले असतात, हिरवे रंग नवे असतात आणि धुके जुलैएवढे दाट नसते. मुले खूश होती. घरात कोणाला विजांची भीती वाटत असेल, तर मात्र मे नको. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुवाहाटीला कामाख्येचा अंबुवाची मेळा असतो. तीन दिवस मंदिर बंद आणि शहरात मुंगी शिरायला जागा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता माझे स्वतःचे उत्तर. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरअखेर. ईशान्येतून मोसमी वारे ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास माघार घेतात. पाऊस असतो, ऑक्टोबरमध्येही चार-पाचशे मिलिमीटर होतो, पण सरी येतात आणि जातात. धबधब्यांत पाणी खळखळते आणि त्यांच्यापुढचा पडदा हटलेला असतो. आम्ही दिवाळीच्या सुटीत सासूबाईंना आणि मुलांना घेऊन गेलो, तेव्हा संध्याकाळी चारच्या उन्हात नोहस्न्गिथियांगच्या सातांपैकी पाच धारा वाहत होत्या आणि त्यांच्यापलीकडे, खाली दूरवर, बांगलादेशच्या मैदानातली पाण्याची तळी आरशासारखी चमकत होती. एका देशाच्या कड्यावर उभे राहून दुसऱ्या देशाची शेते पाहण्याचे मुलांना फार अप्रूप वाटले. सासूबाई म्हणाल्या, “तिकडं पण दिवाळीचे दिवे लागलेत का गं?” संध्याकाळ उतरत होती आणि खाली खरोखरच दिवे लागत होते.

या काळातली एकच अडचण म्हणजे दुर्गापूजा. पूजेच्या सुटीत कोलकाता अर्धे रिकामे होऊन शिलाँगला येते की काय असे वाटते. खोल्या मिळत नाहीत, टॅक्सीवाले तोंडाला येईल तो दर सांगतात. म्हणून दसऱ्याचा आठवडा सोडून द्यावा आणि दिवाळीच्या आगेमागे जावे. दिवाळी उशिरा, नोव्हेंबरात आली तर धारा बारीक होतात, पण डावकी निवळू लागलेली असते. धबधबा आणि नितळ नदी यांची थोडीफार सांगड पडते ती याच पंधरवड्यात. शिवाय नोव्हेंबरात शिलाँगला चेरीचा गुलाबी बहर येतो आणि खासी संत्र्यांचे ढीग बाजारात दिसू लागतात. ती संत्री आपल्या नागपूरकरांनी जरूर खाऊन पाहावीत. मत माझ्याजवळ ठेवते.

जिवंत मुळांच्या पुलांबद्दल सगळे विचारतात. रबराच्या जातीच्या झाडाची मुळे ओढ्यावरून पलीकडे वळवत न्यायची आणि ती जाड होण्याची वाट पाहायची. माणसाचे वजन पेलायला पंधरा-वीस वर्षे सहज लागतात. लावणारा एक, चालणारी पुढची पिढी. नोंग्रियाटचा दुमजली पूल प्रसिद्ध आहे, पण तिथे पोचायला तिर्ना गावातून तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात आणि उतरलेल्या सगळ्या पुन्हा चढाव्या लागतात. जुलैत त्या शेवाळाने निसरड्या असतात आणि जळवा वाट पाहत असतात. तिथे जायचे तर ऑक्टोबरनंतर, आणि गुडघे धड असतील तरच. वडीलधाऱ्यांनी मावलिन्नाँगजवळच्या रिवाई गावातला पूल पाहावा. थोड्याच पायऱ्या आहेत. सासूबाईंनी तो हळूहळू पार केला आणि मधोमध थांबून मुळाला नमस्कार केला.

मॉस्माईची दिवे लावलेली गुहा कोणत्याही ऋतूत पाहता येते. पावसाळ्यात आत पाणी ठिबकत असते, एवढेच. तिच्यापेक्षा मला जवळच्या मॉम्लू गुहेचे कौतुक वाटते, जरी ती सहलीच्या पाहुण्यांची जागा नव्हे. तिथल्या चुनखडीच्या स्तंभाच्या थरांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या एका दीर्घ दुष्काळाची खूण शास्त्रज्ञांना सापडली आणि तेव्हापासून आजपर्यंतच्या भूवैज्ञानिक कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. जगातल्या सर्वांत ओल्या गावाच्या पोटात दुष्काळाची नोंद! आत्यांना मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्या नुसत्या “हं” म्हणाल्या.

जाण्याची व्यवस्था सोपी आहे. गुवाहाटीपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून शिलाँग सुमारे १०० किलोमीटर, पुढे सोहरा आणखी ५० ते ५५. शिलाँगहून वाटून घेण्याच्या सुमो गाड्या मिळतात. पण लहान मुले, वृद्ध बरोबर असतील तर पूर्ण गाडी करावी, म्हणजे धुके फाटेपर्यंत थांबण्याची मुभा राहते. निदान दोन रात्री सोहऱ्यातच राहावे. जे दिवसभरात जाऊन येतात त्यांना तिथली रात्र कळत नाही आणि चेरापुंजी म्हणजे निम्मी रात्रच. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडते, तेव्हा पुण्या-मुंबईच्या सवयीने नऊला नाश्ता करून निघालात तर निम्मा दिवस गेलेला असतो.

जेवणात भात मुख्य. ‘जादोह’ हा तिथला आवडता भात मांस घालून केलेला असतो, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधीच विचारून घ्यावे. डाळ, भात, बटाट्याची भाजी बहुतेक ठिकाणी मिळते. उपवासाचे, पथ्याचे पदार्थ घरून न्यावेत. जेवणानंतर सुपारी-पानाचा ‘क्वाइ’ पुढे केला तर नको म्हणू नये, तो पाहुणचार आहे. पण ओली सुपारी चांगलीच लागते, तुकडा लहान घ्यावा. निरोप घेताना ‘खुब्लेइ’ म्हणावे. धन्यवाद आणि आशीर्वाद दोन्ही त्यात आले.

आणि एक : वार पाहून जावे. सोहऱ्यात बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, रविवारी सकाळी सगळे गाव प्रार्थनेला जाते आणि दुकाने, खानावळी बंद असतात. आठवडी बाजार तर आपल्यासारखा सात दिवसांनी भरतच नाही. खासी आठवडा आठ दिवसांचा, त्यामुळे बाजाराचा वार दर वेळी पुढे सरकतो. शिलाँगमधून निघतानाच चालकाला विचारावे, या खेपेला बाजार कधी आहे. तमालपत्र, मध आणि चांगले विणलेले क्नूप तिथेच मिळते.